बाईंनी मारलं

अकरा वर्षं मी या गावात शिकवते आहे आणि अकरा वर्षं गावाची माझ्याबद्दल एकच तक्रार होती: दमयंतीबाई मारत नाहीत. दर जूनला कोणी ना कोणी बाप पोराचं बकोट धरून शाळेत यायचा, त्याला माझ्यापुढे ढकलायचा आणि म्हणायचा, "बाई, पोरगं तुमच्या वटीत घातलंय. हाना, झोडपा, पर शानं करा." मी म्हणायची, "झोडपायची एवढी हौस असेल तर खळ्यावर जा. इथे बाजरी नाही, माणसं आहेत." मग तो बाप टोपी सारखी करत बाहेर पडायचा आणि पारावर जाऊन सांगायचा, बामणाची बाई हाय, हातात जोर न्हाई.

जोर जिभेत होता, आणि ती मी कधी आवरली नाही. एकेका टोणग्याला उभं करून असं सोलायची की पोरं म्हणायची, "बाई, त्यापरीस दोन छड्या द्या." छड्या मात्र नाही. माझे वडील, विष्णुपंत, नगरला मास्तर होते. धाकटा भाऊ पाढा चुकला म्हणून त्यांनी त्याच्या कानशिलात एक ठेवून दिली, आणि तो कान गेला तो गेलाच. भाऊ आता पोस्टात आहे. कोणी बोलायला आलं की आधी मान वळवतो आणि चांगला कान पुढे करतो. ती वळलेली मान मी लहानपणापासून बघत आले. मास्तरीण झाले त्या दिवशीच मी ठरवलं, या हाताने खडू धरायचा, दुसरं काही नाही.

आमचं माळटाकळी म्हणजे कोल्हारवरून वर चढलं की लागणारा खडकाळ माळ. खाली प्रवरा, वर आम्ही कोरडे. गेल्या वर्षी पावसाने तोंडच दाखवलं नाही. दिवाळीनंतर सरकारने माळावर दुष्काळी काम काढलं, रस्त्यासाठी खडी फोडायचं. माझ्या अकरावीच्या, म्हणजे मॅट्रिकच्या, निम्म्या वर्गाच्या आया हातोडा घेऊन तिथे बसायच्या. पोरं सकाळी मॅट्रिकचा अभ्यास करायची आणि संध्याकाळी आईच्या तळहातावरचे फोड फोडायची.

इतिहासाच्या पुस्तकाला शेपटीसारखं नागरिकशास्त्र जोडलेलं असतं. त्यातला हक्कांचा धडा मी शिकवत होते. नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. मागच्या बाकावरून गोरक्ष उठला. भीमाचा हा पोरगा, लांब हातापायांचा, हसला की एका दातावर चढलेला दुसरा दात दिसायचा.

"बाई, ह्ये खरं हाय का नुसतं परीक्षेला हाय?"

वर्ग खदखदला. मी म्हटलं, "खरं आहे, गाढवा. पण कोणी वापरलंच नाही तर नुसतं परीक्षेपुरतं उरतं."

तो खाली बसला. मला वाटलं, संपलं.

कामावर पाण्याचा टँकर यायचा, तो माघात यायचा बंद झाला. मुकादम म्हणायचा, येईल, येईल. टँकर कुठे जातो ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वरच्या साहेबाच्या पाहुण्याची मोसंबीची बाग होती, ती जगवायला. बायका मुरमाच्या खड्ड्यात साठलेलं पाणी पदराने गाळून प्यायला लागल्या. आठवड्याभरात जुलाब-उलट्यांची साथ आली आणि त्यात गोरक्षची आई गेली. बनुबाई तिचं नाव. माझ्याकडे एकदाच आली होती, पोराच्या प्रवेशाच्या वेळी. तीच एक अशी, जी 'मारा' म्हणाली नव्हती. "ह्यो इचारतो लई," एवढंच म्हणाली होती.

दहावा झाल्यावर गोरक्ष वर्गात आला आणि मधल्या सुट्टीत माझ्यासमोर उभा राहिला.

"बाई, आमी जानार. टँकरच्या वाटंवर बसनार, रिकाम्या कळश्या घिऊन. दगड न्हाई, शिवी न्हाई. तुमी शिकवलं तसं."

"आणि पोलीस आले तर?"

"येऊ द्या की. विनाशस्त्र हाय न्हवं आमी."

माझ्या जिभेवर आलं होतं की अरे बाबा, लिहिणारे वेगळे असतात आणि काठी धरणारे वेगळे. पण आई गेलेल्या पोराला ते कुठल्या तोंडाने सांगू? मी म्हटलं, "हात रिकामे आहेत ते त्यांना दिसू दे. वर धरा हात."

दुसऱ्या दिवशी वर्गातली एक तृतीयांश पोरं नव्हती. मी हेडमास्तरांना, नृसिंहरावांना, सांगितलं की मी माळावर जाते. ते म्हणाले, "बाई, आपण शिक्षक, आपण ह्यात पडू नये." मी म्हटलं, "तुम्ही कशातच पडू नका, लागेल." आणि गेले. बाईंनी फूस दिली असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

पोरं वाटेवर मांडी घालून बसली होती. पुढे कळश्या ओळीने मांडलेल्या. बायका हातोडे टाकून कडेला उभ्या होत्या. टँकर आला, त्याच्यामागे पोलिसांची गाडी आली. मुकादमाने आधीच वर्दी दिलेली. फौजदार उतरला, भांग पाडलेला, स्वच्छ माणूस. त्याने एकदा सांगितलं, उठा. पोरं उठली नाहीत. गोरक्षने दोन्ही हात वर केले, आणि त्याचं बघून सगळ्यांनी केले. रिकामे तळहात, उन्हात.

मग काठ्या पडायला लागल्या.

मी मार बघितला आहे, मास्तराच्या घरात वाढले. पण असा नाही. हात वर असलेल्या माणसाच्या बरगड्या, खांदे, काखा सगळं उघडं असतं, आणि काठीला तेच हवं असतं. पहिल्या फटक्याला कळशी फुटावी तसा आवाज आला आणि तो कळशीचा नव्हता. एक पोरगा तोंडावर पडला, त्याच्या पाठीवर काठी उभी-आडवी चालली. एक जण उठून पळाला, त्याच्या पोटरीवर मारून त्याला पाडला आणि मग पडलेल्याला बुटाने. गोरक्षचा हात खाली येईना. हवालदाराने त्याच्या उजव्या खांद्यावर एक दिला, दोन दिले, आणि तिसऱ्याला तो हात आपोआप लुळा होऊन खाली आला. मी ओरडत होते. काय ओरडत होते कोणास ठाऊक. घटनेचं कलम सांगत होते बहुतेक, मूर्खासारखी.

आणि मग दगड आले. खडीचा ढीग शेजारीच होता, महिनाभर बायांनी हातांनी फोडलेला. पहिला दगड कोणी मारला मला माहीत नाही. बायांनी मारला, का पोरांनी, का दोघांनी. माहीत असतं तरी सांगितलं नसतं. एक दगड त्या हवालदाराच्या डोळ्यावर बसला, तो गुडघ्यावर आला आणि आडवा झाला. त्याच्या बोटांतून रक्त वाहत होतं आणि तो आईला हाक मारत होता. त्याच्याही वाट्याला हे यायला नको होतं. पोलिसांनी त्याला गाडीत घातला, बंदुका रोखल्या, आणि माळ रिकामा झाला.

दुपार कलताना पोलीस पाटील कारभारी शाळेच्या मागच्या दाराने आला. माणूस वाईट नाही, पण दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा. उभ्यानेच बोलला.

"बाई, उद्या सकाळी फौजदार शाळंत येनार. पोरांच्या अंगातली कापडं काढून पाठी बघनार. ज्याच्या अंगावर वळ, त्यो दंगलीतला. हवालदार नगरच्या दवाखान्यात हाय, डोळा उघडंना. मेला तर खुनाचा गुन्हा."

"पाठी कशाला बघायच्या? सगळ्यांनाच धरायचं होतं."

"सगळ्यांला कसं धरतील? सरपंचाचं पोरगं तुमच्याच वर्गात हाय न्हवं? त्याच्या केसाला धक्का लावायचा न्हाई, असा वरून निरोप हाय. म्हनून वळावरून निवडायचे. आन् गोरक्षचं नाव आधीच झालंय. आई त्याची मेलीया, राग त्याला आसनार, दगड त्यानंच मारला, असं चाललंय त्यांचं."

"त्याने हात वर धरले होते, कारभारी! मी डोळ्यांनी पाहिलंय!"

"तुमचे डोळे कोन इचारतो, बाई?" एवढं बोलून तो गेला.

मी हेडमास्तरांकडे धावले. त्यांच्या पोटात एकाएकी दुखायला लागलं होतं आणि ते संध्याकाळच्या एसटीने श्रीरामपूरला निघाले होते. बाकीचे दोघं सर दिसेनात. कवायतीचे सर दिवाळीत बदलून गेले, त्यांच्या जागी कोणी आलंच नव्हतं. कोणी म्हणालं, पोरांना राजूरच्या डोंगरात पाठवून द्या. पळाला तो चोर ठरतो, एवढी अक्कल मला होती. मी वर्गात बसून राहिले आणि खिडकीतून कवायतीच्या खोलीकडे बघत होते. त्या खोलीत लेझमी, डंबेल्स आणि लाठीकाठीच्या लाठ्या होत्या. पोलिसांच्या काठीएवढ्याच जाड.

वळ पुसता येत नाहीत. पण ते सगळ्यांच्या पाठीवर असले तर? आणि ते सकाळी करून चालायचं नव्हतं. ताजा वळ लाल असतो, रात्र गेली की निळा पडतो. हे मला वडिलांच्या घरी कळलेलं.

दिवेलागणीच्या आधी मी अकरावीच्या सगळ्या मुलग्यांना बोलावणं धाडलं. आले. गेलेले आले, न गेलेले आले. गोरक्ष उजवा हात पोटाशी धरून आला, चेहरा मेणासारखा. मी कडी लावली, लाठी टेबलावर ठेवली आणि काय करायचं आहे ते सांगितलं.

मग एक म्हणाला, "बाई, पर आमी तर गेलोच न्हवतो."

"म्हणूनच तुझी पाठ लागणार आहे, रे बाळा. ज्याला नको असेल त्याने मागच्या दाराने जावं. मी त्याला कधी टोमणा मारणार नाही."

टोमणा मारणार नाही, हे कोणालाच खरं वाटलं नाही. दोघं-तिघं तशातही हसले. एक जण उठला, दारापर्यंत गेला, कडीला हात लावला, आणि रडत परत येऊन बसला.

रंगनाथ पुढे आला. सरपंचाचा मुलगा, टेरिलीनचा सदरा. त्याच सकाळी बापाने त्याला कोठीत कोंडून ठेवलं होतं आणि गोरक्ष त्याच्याशी बोलायला तयार नव्हता. त्याने सदरा काढला, नीट घडी करून बाकावर ठेवला.

"माझ्यापास्नं सुरू करा. माझ्या पाठीवर असलं तर त्यास्नी काय बी करता यायचं न्हाई."

मी लाठी उचलली आणि मारली. लाठी त्याच्या पाठीला टेकली, एवढंच.

"बाई, माशी हाकलताय का?" रंगनाथ मागे वळून म्हणाला.

पुन्हा मारली. पुन्हा तेच. माझा हात वरून खाली येईपर्यंत मरून जायचा. मी म्हटलं, "मला येत नाही रे." आणि मला रडू फुटलं. मास्तरकीच्या इतक्या वर्षांत मी वर्गात पहिल्यांदा रडले, आणि तेही कशासाठी, तर मारता येत नाही म्हणून.

भिंतीजवळून गोरक्ष बोलला. "बाई, लाठी मधी नगा धरू. टोकाला धरा, दोनी हातांनी. पोलिसानं तशी धरली हुती. आन् पाठीकडं बघू नगा. जमिनीकडं बघून हाना."

शिकवणारा तो आणि शिकणारी मी. मी टोकाला धरली, जमिनीकडे बघितलं आणि मारली. रंगनाथचा श्वास आत गेला तो बाहेर येईना. त्याच्या गोऱ्या पाठीवर एक जाड पट्टा उठला.

"हां," तो दात आवळून म्हणाला. "आता पास."

एकेक येत गेला. कोणी बाक धरला, कोणी दातात रुमाल धरला, कोणी देवाचं नाव घेतलं, एकाने मला अस्सल शिवी दिली आणि मग "चुकून गेली बाई" म्हणाला. मी मारत गेले. खरं सांगायचं तर पाच-सहा पाठींनंतर हात सरावला. मनगट आपलं आपण वळायला लागलं, किती जोर लावला की कातडी फुटते आणि किती लावला की नुसती उठते ते कळायला लागलं. ते मनगट माझ्या ओळखीचं होतं. माझ्या भावाच्या कानावर पडलं होतं ते. मला ओकारी आली, मी खिडकीतून ओकले, तोंड पुसलं आणि पुढच्याला म्हटलं, "ये."

ज्यांच्या अंगावर आधीच वळ होते त्यांना मी हात लावला नाही. गोरक्षलाही नाही. संपल्यावर पोरांनी सदरे घातले. रंगनाथने गोरक्षला डाव्या बाजूने धरलं आणि दोघं एकमेकांशी न बोलता बाहेर पडले. मी सगळ्यांना शेवटचं बजावलं, घरी विचारलं तर एकच उत्तर: बाईंनी मारलं.

सकाळी प्रार्थना संपते न संपते तोच फौजदार आला. बरोबर चार पोलीस आणि मान खाली घातलेला कारभारी. फौजदाराने मला नमस्कार केला.

"बाई, तुमच्या मुलांच्या पाठी बघायच्यात."

"बघा."

सदरे निघाले. पोरं पटांगणात ओळीने पाठमोरी उभी. फौजदार पहिल्या पाठीपाशी थांबला, दुसऱ्या, तिसऱ्या. रंगनाथच्या पाठीपाशी तो बराच वेळ थांबला. कारभारीने घसा खाकरला. फौजदार माझ्याकडे वळला आणि हसला.

"कोणी मारलं यांना?"

"मी."

"कशासाठी?"

"काही न विचारता शाळा सोडून गेले म्हणून. काल माळावर मी त्यांना परत न्यायलाच आले होते. आणि बाकीच्यांनी मला सांगितलं नाही म्हणून."

"आणि म्हणे गावात तुमची ख्याती आहे, बाई मुलांना बोट लावत नाहीत."

"ती चूक सुधारली."

"छान." तो पुन्हा ओळीपाशी गेला आणि गोरक्षपाशी उभा राहिला. त्याचा खांदा भोपळ्याएवढा सुजला होता आणि काळानिळा पडला होता. "याला जास्त पडलेली दिसते."

"तो पुढारी आहे."

"अस्सं." फौजदाराने आपल्या पोलिसाच्या हातातली काठी घेतली आणि माझ्यापुढे धरली. "बाई, मीही मास्तराचाच मुलगा. मास्तरांचा मार मला ओळखू येतो. पुढाऱ्याला माझ्यासमोर अजून एक द्या. नाही दिलात तर मी समजेन तुम्ही सरकारी कामात अडथळा आणताय, आणि मग मी माझ्या पद्धतीने एकेकाला विचारीन. यालाच आधी."

मी त्या माणसाचा चेहरा बघितला आणि मला कळलं की याला सगळं समजलं आहे. माझ्या हाताने एवढा एक फटका बसतो की नाही, एवढंच त्याला बघायचं होतं. नाही बसला तर गोरक्ष त्या गाडीत जाणार होता, आणि त्या गाडीतून पोरं कशी परत येतात ते मला ठाऊक होतं. येतात तेव्हा.

गोरक्षने मान वळवली नाही. फक्त डाव्या हाताने झेंड्याच्या खांबाचा आधार घेतला आणि पाठ थोडी माझ्याकडे दिली. फळ्यापाशी जागा करून द्यावी तशी.

मी काठी टोकाला धरली. दोन्ही हातांनी. जमिनीकडे बघितलं. आणि मारली.

हाड मोडल्याचा आवाज मोठा नसतो. वाळकी तुराटी मोडावी तेवढाच. पण पटांगणातल्या प्रत्येकाला तो ऐकू गेला. गोरक्ष त्या सुजलेल्या खांद्यावर डावा हात दाबत गुडघ्यावर आला. फौजदार वाट बघत होता. आम्ही सगळेच वाट बघत होतो. मग गोरक्ष खांब धरून उठला, माझ्याकडे वळला, आणि डाव्या हाताने स्वतःचा कान धरला. कवायतीच्या सरांचा मार खाल्ला की पोरं धरायची तसा. माझ्यापुढे कधी कोणी धरला नव्हता.

"चुकलो, बाई," तो म्हणाला. "म्होर्च्याला जायला नगं हुतं. परत न्हाई जानार."

फौजदाराच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. "हां," तो म्हणाला. "पोलिसाला कोणी असं म्हणत नाही, मारणाऱ्या मास्तरालाच म्हणतात." त्याने माझ्या हातातून काठी परत घेतली. "असंच पाहिजे, बाई. आधीपासून मारलं असतंत तर ही वेळच आली नसती."

गाडी गेली.

हवालदार वाचला. डोळा गेला. खटला बारगळला, कारण धरायचं कोणाला? आणि टँकर! टँकर त्याच आठवड्यापासून रोज येतो आहे, अगदी वेळेवर, भरलेला. मोर्चा जिंकला. हे गावात कोणी बोलत नाही. गाव बोलतं ते माझ्याबद्दल. पोरांनी शब्द पाळला, घरी खरं सांगितलं नाही, त्यामुळे गावाला एवढंच ठाऊक की बाईंनी मारलं. पारावरून मला आता रामराम होतो. "आता खरी मास्तरीन झाली," म्हणतात. गोरक्षचा बाप भीमा, पोराला श्रीरामपूरच्या दवाखान्यातून आणल्यावर, माझ्या पायांवर डोकं ठेवून गेला. "वेळंला हानलंत म्हनून पोरगं वाचलं, बाई," म्हणाला. त्याला कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही. सरपंचाने पाटीभर मोसंबी पाठवली. कुठल्या बागेतली तेही विचारलं नाही, सगळी शेजारच्या म्हशीपुढे ओतली.

मॅट्रिकची परीक्षा मार्चात झाली. गोरक्ष बसू शकला नाही, खांदा बांधलेला होता. आता ऑक्टोबरला बसणार. सकाळी माझ्या घरी अभ्यासाला येतो. लिहायचा हात अजून वर उचलत नाही, म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरून अक्षर काढतो.

काल आम्ही नागरिकशास्त्रापर्यंत आलो. मी तो धडा उघडला आणि मला पुढे वाचता येईना. मी पुस्तक मिटलं.

"गोरक्ष, तू चुकला नव्हतास. टँकर येतोय. त्या दिवशी जे बोललास ते त्या फौजदारासाठी होतं. हो ना?"

त्याने लेखणी खाली ठेवली.

"व्हय. तुमी मारलं त्ये बी फौजदारासाठीच हुतं." मग समजूत घातल्यासारखं म्हणाला, "पर बाई, लागलं मलाच न्हवं."

एवढी माझी जीभ, कुठे गेली होती कोणास ठाऊक. त्यानेच पुस्तक पुढे ओढलं आणि धडा काढला. "ह्ये खरं हाय, त्ये मला कळलं. परीक्षेला येतंय का, तेवढं सांगा."

"येतं," मी म्हटलं.

"मंग सांगा. लिवून घेतो."

मी त्याच्या मागे उभी राहून सांगायला लागले. शांततेने आणि विनाशस्त्र. तो मनगट धरून एकेक अक्षर काढत होता. पुढचं वाक्य सांगताना सवयीने मी एक पाऊल टाकलं, जमीन वाजली, आणि त्याचा खांदा कानापर्यंत वर आक्रसला. लेखणी तिथेच थांबली. त्याला स्वतःला ते कळलंही नसावं. मला मात्र माझ्या भावाची ती वळलेली मान आठवली.

मी फिरून समोर आले आणि त्याच्यापुढे जमिनीवर बसले, दोन्ही हात त्याला दिसतील असे मांडीवर उघडे ठेवून. मग पुढचं वाक्य सांगितलं.